कामगार वस्तीतील बालपण : आठवणींचे ऐतिहासिक मूल्य
(विशेष संदर्भ : खोपट, ठाणे)

प्रस्तावना

औद्योगिक शहराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाच्या हाताशी प्रामुख्याने तीन प्रकारची साधने असतात. पहिले, शासकीय अहवाल आणि जनगणनेची कोष्टके. दुसरे, कंपन्यांच्या नोंदी. तिसरे, कामगार संघटनांची पत्रके व ठराव. या तिन्ही साधनांत कामगार दिसतो तो मुख्यतः कामावर असलेला, किंवा काम बंद करून रस्त्यावर उतरलेला. पाळी संपल्यावर तो कोणत्या खोलीत परतत होता, त्या खोलीत किती माणसे झोपत होती, पाणी कोण भरत होते, वाण्याची उधारी कोण सांभाळत होते आणि मुले कोठे बसून अभ्यास करीत होती, याची नोंद या कागदपत्रांत क्वचितच सापडते. ही उणीव भरून काढू शकणारे एक साधन म्हणजे अशा वस्तीत लहानाचे मोठे झालेल्या माणसांच्या आठवणी.

हे साधन मात्र सहजासहजी विश्वसनीय मानले जात नाही. आठवण हळवी असते, ती तारखा चुकवते, गैरसोयींवर कालांतराने माया चढवते, असे आक्षेप घेतले जातात. ते निराधार नाहीत. तरीही आठवण नेमके काय सांगते आणि काय झाकते हे ओळखून तिचा उपयोग केला, तर कामगार वस्तीच्या इतिहासाचे तिच्याइतके जवळचे साधन दुसरे नाही. हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ठाण्यातील खोपट व त्याच्या आसपासचा परिसर आणि मुंबईचे गिरणगाव या दोन ठिकाणांचा आधार घेतला आहे. गिरणगावाविषयी साहित्य व संशोधन विपुल आहे. ठाण्याच्या कामगार वस्त्यांविषयी ते त्या मानाने अल्प आहे. म्हणूनच पहिल्याच्या प्रकाशात दुसऱ्याकडे पाहणे उपयुक्त ठरते.

ठाण्याची औद्योगिक जडणघडण आणि खोपट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. १८६३ मध्ये ठाण्यात नगरपालिका स्थापन झाली. असे असले तरी दीर्घ काळ ठाणे हे जिल्ह्याची कचेरी, तुरुंग, न्यायालय आणि तलाव यांचे गाव होते. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली गेली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी येथे गिरण्यांची दाटी झाली. ठाण्यात मात्र उद्योगांचा विस्तार सावकाश झाला. १९२५ मध्ये येथे लोकरी कापडाची गिरणी सुरू झाली. तीच पुढे रेमंड या नावाने प्रसिद्धीस आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. अभियांत्रिकी, रसायने, औषधे, लोकरी कापड अशा नाना प्रकारच्या कारखान्यांनी ठाणे व कळवा–बेलापूरचा पट्टा भरून गेला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या वर, तर २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या वर नोंदविली गेली.

खोपट या शब्दाचा मराठीतील अर्थ गवता-काटक्यांनी शाकारलेले लहानसे घर असा आहे. चरई, पाचपाखाडी, कोलबाड, उथळसर यांच्या सान्निध्यातील या भागातून जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, जातो. जवळच्या एका चौकाला कॅसल मिल नाका हे नाव आहे. खुद्द खोपटमध्ये राज्य परिवहनाचे आगार आहे आणि सिद्धेश्वर तलावही आहे. एका हमरस्त्यावर आगार, गिरणीचे नाव वागवणारा नाका आणि थोड्या अंतरावर औद्योगिक वसाहत असा हा भूगोल आहे.

या भूगोलामुळे खोपट परिसरातील कामगार जीवन गिरणगावापेक्षा वेगळे घडले. गिरणगावात गिरणीचे फाटक आणि चाळीचा जिना समोरासमोर होते. एका मजल्यावरील बहुतेक पुरुष एकाच धंद्यात असत. ठाण्यात मात्र एकाच बैठ्या चाळीत वाहक, यांत्रिकी कामगार, लोकर गिरणीतला विणकर, रसायनाच्या कारखान्यातला मदतनीस, नगरपालिकेचा सफाई कामगार आणि कचेरीतला शिपाई असे शेजार होऊ शकत होते. त्यामुळे मुलांच्या आठवणींतही एका गिरणीच्या एका भोंग्याऐवजी निरनिराळ्या कामांची वेळापत्रके गुंतलेली असतात.

बालपणाचे घड्याळ

कामगार वस्तीतील बालपणाच्या आठवणींचा पहिला घटक म्हणजे वेळ. मध्यमवर्गीय घरातील मुलाचा दिवस शाळेच्या घंटेभोवती फिरतो. कामगाराच्या मुलाचा दिवस वडिलांच्या पाळीभोवती फिरत असे. मुंबईच्या कापड गिरण्यांत पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते मध्यरात्री १२ आणि तिसरी १२ ते सकाळी ७ अशी साधारण विभागणी होती. वडील पहिल्या पाळीला असतील तर पहाटे पाचला स्टोव्ह पेटे आणि घर जागे होई. दुसऱ्या पाळीला असतील तर मुलांची आणि वडिलांची भेट आठवडाभर जवळजवळ होतच नसे. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा खोलीत बाप झोपलेला असे आणि सगळे घर कुजबुजत वावरे. दहा बाय बाराच्या खोलीत भरदिवसा शांतता राखणे म्हणजे मुलांनी घराबाहेर राहणे. कामगार वस्तीतील मुले सदा रस्त्यावर किंवा व्हरांड्यात असतात, ही बाहेरच्यांची तक्रार असे. तिचे उत्तर पुष्कळदा तिसऱ्या पाळीत होते.

एसटी कर्मचाऱ्याच्या घरचे घड्याळ याहून अनियमित असे. वडिलांची गाडी मुक्कामी असेल तर ते रात्री घरी येत नसत. दूरच्या गावी गाडीतच किंवा स्थानकाच्या खोलीत अंथरूण टाकत. खाकी गणवेश, छातीवरचा बिल्ला, तिकिटांची पेटी, तिकिटाला भोक पाडणारा चिमटा आणि त्याची टिकटिक या वस्तू वाहकाच्या मुलांच्या खेळांत उतरत. पैशांचा हिशेब जुळला नाही तर तूट स्वतःच्या खिशातून भरावी लागते, हे अंकगणित त्यांना शाळेआधीच कळलेले असे. यंत्रावर तिकीट छापले जाऊ लागल्यावर पेटी आणि चिमटा दोन्ही मागे पडले. त्यांची ओळख आता प्रामुख्याने आठवणींतच राहिली आहे.

आगाराचे दुसरे महत्त्व गावाशी जोडलेले होते. ठाणे–मुंबईचा कामगार एक पाय शहरात आणि एक गावात ठेवून जगत आला. गिरणगावात एकाच गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने अनेकजण झोपत आणि प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी लागून असे. कुटुंब शहरात आणल्यावरही शिमगा, गणपती आणि मे महिन्याची सुट्टी गावाकडेच जात असे. कोकणाकडे किंवा घाटावर निघणाऱ्या मुलासाठी एसटीचे स्थानक ही दोन जगांमधली वेस होती. पत्र्याची पेटी, पिशवीत बांधलेले खाऊचे पुडके, खिडकीच्या जागेसाठी आधीच टाकलेला रुमाल आणि घाटात लागणारी मळमळ हे तपशील सामान्य वाटतात. परंतु शहरातील वेतन गावच्या शेतीला आणि गावचा तांदूळ शहरातील चुलीला कसा पोहोचत होता, याचे हे प्रत्यक्ष पुरावे आहेत.

बालपणाचा अवकाश

दुसरा घटक म्हणजे जागा. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळी बांधल्या. त्यांची एकूण संख्या २०७ असून त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक नळ व संडास अशी त्यांची रचना होती. ठाण्यात याउलट कौलारू किंवा पत्र्याच्या बैठ्या चाळी अधिक. दारासमोर ओटा, ओट्यापुढे गटार, पलीकडे समोरची ओळ. दोन्हीकडे खोली लहान, म्हणून व्हरांडा, ओटा आणि बोळ हाच घराचा विस्तार ठरत असे.

अशा जागेत खाजगी आणि सार्वजनिक यांची सीमा फार पातळ होती. कोणाच्या घरी पाहुणा आला, कोणाच्या तव्यावर बोंबील पडला, कोणाचा निकाल लागला, कोणाच्या घरी रात्री भांडण झाले, हे सर्वांना ठाऊक असे. मुलाला भूक लागली तर ज्या दारात ताट वाढलेले असेल तेथे ते बसे. ज्याच्याकडे पहिला रेडिओ आला त्याच्या दाराशी आणि पुढे ज्याच्याकडे पहिला दूरचित्रवाणी संच आला त्याच्या खिडकीशी सारी चाळ जमे. या मोकळेपणाची आठवण बहुतेकांना सुखद वाटते. मुलाला तो मोकळेपणा मोफत मिळत होता, हे त्यामागचे एक कारण आहे.

जागेच्या टंचाईतून वस्तीने स्वतःच्या संस्था निर्माण केल्या. व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, भजनी मंडळे, कोकणातील शक्ती-तुऱ्याचे फड, सार्वजनिक गणेशोत्सव, नाट्यमंडळे यांची मुळे याच बोळांत आहेत. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधीची तरतूद झाली आणि कामगार कल्याण केंद्रांतून शिशुमंदिर, शिवणवर्ग, वाचनालय, नाट्यस्पर्धा यांची सोय होत गेली. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ मध्येच झालेली होती. वागळे इस्टेटमधील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने कामगारांच्या अनेक मुलांना जोडारी, कातारी, विजतंत्री अशा कसबांचा दाखला दिला. वडिलांच्या शिफारशीने ‘बदली’ म्हणून लागणे आणि प्रमाणपत्राच्या आधारे कायम नोकरी मिळवणे, या दोन वाटांमधला फरक एका पिढीने बालपणातच ओळखला होता. बदली कामगार रोज फाटकाशी उभा राहत असे आणि कोणी गैरहजर असेल तरच त्याला आत घेतले जात असे. रिकामा डबा परत आणणाऱ्या बापापेक्षा भरलेला डबा तसाच परत आणणारा बाप मुलांना अधिक स्पष्ट आठवतो, कारण त्या दिवशी काम मिळालेले नसे.

आठवण काय झाकते?

आतापर्यंतच्या वर्णनातून कामगार वस्ती म्हणजे एक मोठे कुटुंब असे चित्र उभे राहते. तेथेच अभ्यासकाने थांबावयास हवे. बालपणाची आठवण मुलाच्या उंचीवरून पाहते. मुलाला मायेचा हात दिसतो, त्या हाताचे श्रम दिसत नाहीत. शेजार दिसतो, शेजाराची कुंपणे उशिरा दिसतात.

या संदर्भात इंग्लंडमधील दोन ग्रंथांची तुलना उद्बोधक ठरते. रिचर्ड हॉगार्ट यांनी ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ (१९५७) या ग्रंथात लीड्स शहरातील हन्स्लेट या कामगार वस्तीतील आपल्या बालपणाच्या आधारे तेथील घर, शेजार, बोली व करमणूक यांचे चित्रण केले. आईवडील लहानपणीच गेल्याने ते आजीकडे वाढले होते, आणि त्या घराची ऊब त्यांच्या लेखनात जाणवते. रॉबर्ट रॉबर्ट्स यांचा ‘द क्लासिक स्लम’ (१९७१) हा ग्रंथ सॅलफर्डमधील वस्तीविषयी आहे. त्यांची आई कोपऱ्यावरचे दुकान चालवीत असे. दुकानाच्या फळीमागून पाहणाऱ्या मुलाला गरिबांमधली उतरंड दिसली. कोणाला उधार मिळते, कोणाला मिळत नाही, कोणते घर कोणत्या घराला हलके लेखते, हे त्याने टिपले. एकाच देशातील, एकाच वर्गातील या दोन आठवणी भिन्न आहेत, कारण पाहण्याची जागा भिन्न आहे. ठाण्यातील किंवा परळमधील वाण्याची उधारीची वही कोणी वाचली असती, तर तिथेही अशीच उतरंड आढळली असती. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभा राहणारा पठाण सावकार हे गिरणगावाच्या आठवणींतले परिचित चित्र आहे. त्याच्याशी वाटाघाट करणाऱ्या स्त्रिया मात्र त्या चित्रात फारशा येत नाहीत.

स्त्रियांचे श्रम हा आठवणींतील सर्वांत मोठा रिकामा भाग आहे. १९३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. १९७० नंतर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. गिरणीतून बाहेर पडलेल्या स्त्रियांचे काम संपले नाही, ते खोलीत आले. एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खाणावळ चालविणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता. दहा-पंधरा माणसांची भाकरी-भाजी दिवसातून दोनदा, त्यांच्या पाळ्यांप्रमाणे वेगवेगळ्या वेळी, त्याच खोलीत शिजे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली आणि खाणावळवाल्या स्त्रियांना सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळण्याची वाट खुली झाली. अशा घरातील मुलाची आठवण ‘आमच्या घरी नेहमी माणसे जेवायला असत’ अशा वाक्याने सुरू होऊ शकते. तो आदरातिथ्याचा प्रकार नसून आईचा धंदा होता, हे पुष्कळदा मोठेपणी उमगते. बहिणीला ते लवकर उमगलेले असते, कारण पीठ मळणे, डबे पोहोचविणे आणि पहाटे नळावर हंडा लावणे तिच्या वाट्याला आलेले असते. एकाच खोलीत वाढलेल्या भावाच्या आणि बहिणीच्या आठवणी म्हणूनच वेगळ्या नोंदवाव्या लागतात.

दुसरी झाकली जाणारी गोष्ट जात. गिरण्यांत विणाई खात्यात दलित कामगारांना घेतले जात नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढून काढावे लागे आणि विटाळाच्या कल्पनेमुळे सवर्ण कामगार त्यास विरोध करीत. जास्त मजुरीचे खाते अशा रीतीने बंद राहत असे. १९२८–२९ च्या संपकाळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार चळवळीसमोर ठामपणे मांडला. वस्तीतही चाळींच्या ओळी जातीनुसार व गावानुसार विभागलेल्या असत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत झालेल्या दंगलीने ही विभागणी उघड केली. ‘आमच्या चाळीत जातपात नव्हती’ हे विधान प्रामाणिक असू शकते; तथापि, ते कोणत्या ओळीतल्या खोलीतून केले जात आहे, हे विचारल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात मुंबईतील कावाखान्याचे बालपण येते, ते याच कारणाने चाळीच्या रूढ स्मरणरंजनापेक्षा निराळे ठरते. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढविलेल्या नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाने कामगार वस्ती हीच शिक्षणाची जागा असल्याचे मराठी कवितेत प्रस्थापित केले. या दोन्ही लेखकांनी वस्तीवर प्रेम केले, परंतु तिला धुऊन-पुसून सादर केले नाही.

चुकीची आठवण हाही पुरावा

आठवणीतील तारखा चुकतात, या आक्षेपाचे उत्तर इटालियन मौखिक इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांच्या संशोधनात मिळते. इटलीतील तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. पुढे अनेक कामगारांनी तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. पोर्तेल्ली यांनी ही चूक बाजूला सारली नाही. आपल्या साथीदाराचे मरण कामगारांनी आयुष्यातील सर्वांत मोठ्या आघाताशी जोडून घेतले, असा तिचा अर्थ त्यांनी लावला. तारीख कागदावरून मिळते. ती का बदलली, हे आठवणच सांगते.

मुंबई–ठाणे परिसरात असा आघात म्हणजे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार या संपात उतरले. तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. त्यामुळे तो कधी संपला, याचे एकच उत्तर नाही. त्या पिढीच्या मुलांसाठी तो निरनिराळ्या दिवशी संपला : वडील गावाहून परतले त्या दिवशी, आईचे मंगळसूत्र सोडवून आणले त्या दिवशी, किंवा थोरल्या भावाने शाळा सोडून कारखान्यात नाव घातले त्या दिवशी. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाची पडझड रंगभूमीवर आणली. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या कामांमुळे गिरणगावाची स्मृती काही अंशी सुरक्षित झाली. ठाण्यातील कारखान्यांची पीछेहाट एका मोठ्या संपाच्या नावाने ओळखली जात नाही. ती एकेका फाटकाला कुलूप लागत घडली. रेमंडची ठाण्यातील गिरणी २००९ मध्ये बंद झाली. वागळे इस्टेटमधील अनेक शेडच्या जागी संगणक-सेवांच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या पडझडीला तारीख नाही, तिचा इतिहास आठवणींवर अधिकच अवलंबून राहतो.

ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने हा विषय केवळ भूतकाळाचा नाही, हे दाखवून दिले. शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी राज्यभरातील आगारे ठप्प झाली, वेतन थांबले, काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. ‘वडील कितीतरी दिवस घरी बसून होते’ ही १९८२ च्या मुलांची आठवण चार दशकांनी दुसऱ्या मुलांच्या वाट्याला आली.

नोंदणीची पद्धत

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपल्या परिसरात अशा आठवणींचे संकलन करता येईल. त्यासाठी काही सूत्रे पाळणे आवश्यक आहे. पहिले, वर्ष विचारण्याऐवजी पाळी, इयत्ता, सण किंवा घरातील घटना यांच्या आधाराने काळ निश्चित करावा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारे लाल मिलो, घरी आलेली पहिली वीज, चाळीत आलेला पहिला नळ, या खुणा तारखेपेक्षा पक्क्या असतात. दुसरे, निवेदकाकडून वस्तीचा नकाशा काढून घ्यावा. कोणते दार आठवते आणि कोणते आठवत नाही, हे नकाशात लगेच दिसते. तिसरे, एकाच घरातील भाऊ, बहीण व आई यांच्या मुलाखती स्वतंत्रपणे घ्याव्यात. चौथे, रेशनकार्ड, पगाराची पावती, कामगार विमा योजनेचे कार्ड, शाळेचा दाखला यांच्याशी निवेदन ताडून पाहावे. विसंगती आढळल्यास दोन्ही बाजू नोंदवाव्यात. पाचवे, निवेदकाची संमती घ्यावी आणि त्याने नको म्हटलेला भाग वगळावा.

कागदांशी ताडण्याचा मुद्दा कामगारांच्या दृष्टीने नुसता शास्त्रीय नाही. गिरण्यांच्या जमिनींवरील घरांसाठी सुमारे दीड लाख गिरणी कामगार व त्यांच्या वारसांनी अर्ज केले आणि २०१२ मध्ये म्हाडाने घरांची पहिली सोडत काढली. हक्क सिद्ध करण्यासाठी गिरणीचा पास, विमा कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी असे पुरावे लागले. बाप कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीत होता हे ज्यांना तोंडपाठ होते, त्यांच्याही ट्रंकेत कागद नसेल तर दावा अडत असे. कामगाराचे आयुष्य आठवणीत आणि त्याचा हक्क कागदात, अशी ही फारकत आहे. संकलन करताना आठवणींबरोबर कागदांच्या प्रती जपून ठेवल्या, तर तिचा काही अंशी परिहार होऊ शकतो.

समारोप

कामगार वस्तीतील बालपणाच्या आठवणींना वस्तीचे संपूर्ण सत्य मानणे योग्य नाही, आणि त्यांना केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणेही योग्य नाही. वेळ, जागा आणि माणसांचे परस्परसंबंध यांविषयी त्या जे सांगतात, ते अन्य साधनांतून मिळत नाही. स्त्रियांचे श्रम, जातीच्या भिंती आणि उधारीची उतरंड यांविषयी त्या ज्या ठिकाणी मौन पाळतात, तेथे नेमके प्रश्न विचारावे लागतात. चाळीतील जिव्हाळा खरा होता. तो कोणाच्या तरी कष्टांवर उभा होता, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही एकत्र नोंदविल्यानेच त्या जिव्हाळ्याचा मान राहतो.

खोपट व आसपासच्या परिसरात जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. १९८२ मध्ये शाळेत असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून साठीकडे झुकली आहेत. खाणावळी चालविणाऱ्या, नळावर उभ्या राहिलेल्या त्यांच्या आया याहून कितीतरी वृद्ध आहेत. भावंडांच्या आठवणी काही वर्षांनीही नोंदविता येतील. आयांच्या आठवणींना तेवढा अवधी उरलेला नाही. संकलनाचा आरंभ त्यांच्यापासून होणे म्हणूनच अगत्याचे आहे.